पोस्टकार्डाची लिखित बाजू

सचित्र पोस्टकार्डांचे जुने संग्रह म्हणजे गतकालीन दैनंदिन जीवनाचा प्रत्यक्ष पुरावा होय, असे गृहीत धरून लिहिण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. ओमर खान यांचा ‘पेपर ज्वेल्स’ (२०१८) हा ग्रंथ ह्या क्षेत्रातील अत्यंत परिश्रमपूर्वक केलेले काम आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील कार्डे कोणी काढली, कोठे छापली व कोणी विकली, ह्याचा त्यात कसून शोध घेतलेला आहे. ह्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ग्रंथाचे नावच एक दृष्टी सुचविते. कार्ड हे रत्न ठरले की त्याची पारखही रत्नासारखीच होते; ते निर्दोष असावे, डागरहित असावे, आणि त्याचे तेज चित्राच्या बाजूने दिसावे.

चित्र अमुक काळाचे आहे, एवढ्यावरून ते त्या काळाच्या दैनंदिन जीवनाचे होत नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील लोकांची जी कार्डे चितारली, त्यांचेच उदाहरण घ्यावे. लुगडे नेसण्याची तऱ्हा, अंगावरचे दागिने, उभे राहण्याची ढब यांविषयीचे धुरंधरांचे निरीक्षण निःसंशय अचूक आहे. तथापि मोलकरणीच्या कार्डावर तिला नखरेल ठरविणारे इंग्रजी शीर्षक छापलेले असते, तेव्हा त्या शीर्षकातून मोलकरीण बोलत नाही, कार्डाचा खरीददार बोलतो. ती पहाटे कधी उठली, किती घरी भांडी घासली, हातात काय पडले, ह्यांपैकी काहीही चित्रात नाही. मालेक अलूला ह्या अल्जीरियन लेखकाने १९८१ मधील आपल्या फ्रेंच ग्रंथात वसाहतकालीन कार्डांवरील स्त्रीचित्रणाची कठोर चिकित्सा केली. ती योग्यच होती. परंतु त्यानेही मुख्यत्वे चित्रच वाचले. चित्राची भलामण करणारे आणि चित्रावर आरोपपत्र ठेवणारे, दोघेही कार्डाच्या एकाच बाजूला उभे आहेत.

सोलापुरासारख्या गिरण्यांच्या शहराचा विचार केला म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. १८६० मध्ये लोहमार्ग आला, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि तेलुगू भाषक पद्मशाली विणकर, कन्नड भाषक व्यापारी व शेतकरी, दखनी उर्दू बोलणारे कारागीर आणि मराठी भाषक कामगार एका नगरात आले. सिद्धेश्वराचा तलाव आणि भुईकोट किल्ला चित्रात मावतात. हे शहर ज्या ये-जा करणाऱ्या माणसांनी वसविले, त्यांचा व्यवहार मात्र साध्या सरकारी कार्डावर झाला. १ जुलै १८७९ रोजी हे कार्ड पाव आण्यास विकले जाऊ लागले. बंद पत्रास किमान अर्धा आणा पडे. म्हणजे निम्म्या खर्चात खुशाली कळू लागली.

हे कार्ड उघडे असते, ही त्याची मुख्य भाषिक अट होय. पोस्टमन वाचतो, दुकानदार वाचतो, ज्याला अक्षर येते असा शेजारचा शाळकरी मुलगा तर ते मोठ्याने वाचून दाखवितो. त्यामुळे कार्डाची भाषा झाकून बोलण्याची भाषा झाली. ‘बाकी समक्ष भेटीत’, ‘सुज्ञास अधिक काय लिहावे’, ‘थोडे लिहिले फार समजावे’ ही वाक्ये पोकळ ठरवून पुढे जाणारा वाचक कार्डाचा अर्थच गमावतो. अशा वाक्याच्या आड कर्ज असते, भाऊबंदकी असते, क्वचित मुलीच्या सासरचा जाच असतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून जुन्या पत्रांचा मायना, तिथी व हस्ताक्षर पुराव्यादाखल वाचण्याची शिस्त मराठीत आहे. सरदारांच्या पत्रांना लावलेली ही शिस्त विणकराच्या कार्डालाही लावावयास हवी.

ह्या शहराच्या बाबतीत भाषाभ्यासकाला आणखी एक लाभ संभवतो. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बहुभाषिक बोलण्याचे विश्लेषण केले आणि शेजारच्या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ येते हे दाखवून दिले. तो अभ्यास जिवंत बोलीचा होता. पूर्वीच्या पिढ्यांचे बोलणे आता ऐकता येत नाही, त्यांचे लिहिणे तेवढे तपासता येते. मराठीत माग तो, साडी ती, सूत ते. कन्नडात वा तेलुगूत निर्जीव वस्तूंमध्ये असा भेद नाही. ही तिन्ही नामे एकाच वर्गात बसतात. त्या भाषा घरी बोलणाऱ्याने मराठीत कार्ड लिहिले असेल, तर लिंगाची चूक हा त्याच्या घरच्या भाषेचा ठसा होय. मात्र येथे सावधगिरी हवी. कार्ड धाडणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हा प्रकार नित्याचा होता. निर्दोष मराठीचे श्रेय पुष्कळदा लिहून देणाऱ्याचे असते. मायना व समाप्ती साच्यातील आणि मधला मजकूर अडखळता, असे जेथे दिसते तेथेच मूळ माणसाचा आवाज शोधावा.

आता संग्रहाच्या प्रश्नाकडे वळावे. महाराष्ट्रातील घरोघर आलेली कार्डे वाकविलेल्या तारेला टोचून ठेवीत. नवे कार्ड जुन्यावर बसे. त्यामुळे तार ही आपोआप कालक्रमाने लागलेली कुटुंबाची दप्तरखोली होई. प्रत्येक कार्डाला त्यामुळे भोक पडे, आणि संग्राहकांच्या बाजारात हेच भोक दोष समजले जाते. तारेतून सुटलेली कार्डे छाप व शिक्का यांप्रमाणे वेगळी लागली, आणि काही तर छापील तिकिटापुरती कातरली गेली. कार्डे वाचली, पण त्यांची साखळी तुटली.

ह्या साखळीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते वाचून झाले की नष्ट करीत, घरात ठेवीत नसत. साहजिकच कौटुंबिक संग्रहांत लग्ने आहेत, बारशी आहेत, पण मरणे जवळजवळ नाहीत. एकेक कार्ड सुटे पाहणाऱ्यास ती पिढी विलक्षण सुदैवी वाटेल! परंतु तार शाबूत असेल तर एका कार्डावरील ‘सौ.’ पुढच्या कार्डावर ‘गं. भा.’ झालेली दिसते, आणि मधले न ठेवलेले कार्ड ह्या दोन अक्षरांतून वाचता येते. कधी ‘ती.’ नावाने येणारा नमस्कार एकाएकी थांबतो. कुटुंबाचा मोठा आघात असा मायन्याच्या फरकात उरतो. चित्रकार्डाच्या कोणत्याही संग्रहात त्याला जागा नाही.

क्रम सांभाळल्याखेरीज मौनाचाही अर्थ लागत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी देण्यात आली. त्या उन्हाळ्यात ह्या शहरातून निघालेल्या उघड्या कार्डावर ‘येथील सर्व क्षेम’ असेल, तर त्या वाक्याचे वजन आधीच्या व नंतरच्या कार्डांशी ताडूनच ठरेल. एरवी ते नुसते रूढ वाक्य आहे. त्या दिवसांत मात्र ते नातलगांना दिलेला दिलासा असेल, अथवा वाचणाऱ्या परक्या डोळ्यांपुढे धरलेली ढाल असेल.

शहराच्या पूर्वेस जवळच निजामाचे राज्य लागत असे. त्या राज्याचे टपालखाते वेगळे होते आणि त्याच्या जुन्या तिकिटांवर इंग्रजी व फारसीबरोबर तेलुगू आणि मराठी अक्षरेही होती. सोलापुरी घरातील एखाद्या तारेवर दोन्ही राज्यांचे टपाल एकत्र मिळाले, तर कोणते पत्र कोणत्या लिपीत आले, एवढ्या नोंदीवरूनही त्या घराचा भाषाव्यवहार उलगडू लागेल. म्हणून अशी तार हाती येताच कार्डे सोडवू नयेत. प्रथम तार जशी आहे तशी छायाचित्रित करावी, कार्डांना वरून खाली क्रमांक द्यावेत, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू, शिक्का व भोकाची जागा नोंदवावी, आणि हस्ताक्षर पाठविणाऱ्याचे की दुसऱ्याचे, ह्याचा निर्णय मजकूर उतरवून काढण्यापूर्वी करावा.