नगारखाना आणि गल्ली: ‘नौबतखाने में इबादत’ पुन्हा वाचताना

यतींद्र मिश्र यांचा ‘नौबतखाने में इबादत’ हा पाठ एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पुस्तकातला, म्हणजे ‘क्षितिज’मधला. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांची पहिली ओळख अनेकांना याच पाठातून झाली असेल. परीक्षेत त्यावरचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते: मुस्लिम सनईवादक, हिंदू मंदिर, शेजारी गंगा, म्हणून काशीची मिळूनमिसळून राहणारी संस्कृती. हे उत्तर चूक नाही. पण पाठातली एक महत्त्वाची गोष्ट त्यात येत नाही.

पाठाची सुरुवात वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील बालाजी मंदिराच्या देवडीत होते. देवडीवर नौबतखाना आहे. आपल्याकडे त्याला नगारखाना म्हणतात. लहानगा अमीरुद्दीन, म्हणजे पुढचे बिस्मिल्ला खाँ, तिथे रियाजाला जातो. जाण्याचे रस्ते एकाहून अधिक आहेत. त्याला आवडतो तो रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका बहिणींच्या घरावरून जाणारा, कारण त्या घरातून ठुमरी, टप्पा, दादरा कानावर पडतो. संगीताची पहिली ओढ या बहिणींच्या गाण्याने लागली, असे खाँसाहेबांनी पुढे सांगितल्याचेही लेखक नोंदवतो.

म्हणजे वादक होण्याआधी हा मुलगा चाहता होता. बैठकीचे आमंत्रण नव्हते, तिकिटाला पैसे नव्हते. गाणे ऐकू येईल असा रस्ता निवडणे एवढेच त्याच्या हातात होते, आणि ते त्याने केले.

हा तपशील केवळ गोड आठवण म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे वाद्याचे शास्त्र आहे. सनई हे दुहेरी पात्याचे, खाली रुंद होत जाणारे वाद्य. तिचा आवाज लांब पोहोचतो, म्हणून देवडी, मिरवणूक, लग्नमांडव ही तिची नेहमीची जागा. फुंकीचा दाब, ओठांची पकड आणि अर्धवट झाकलेली भोके यांतून मींड निघते. पण सनईला शब्द नाहीत. बनारसी ठुमरीचा प्राण तर ‘बोल बनाव’ आहे: एकच शब्द वेगवेगळ्या स्वरांतून म्हणत त्याचा दरवेळी नवा अर्थ उलगडायचा. शब्द नसलेल्या वाद्यावर हे कसे साधायचे? मामा अलीबख्श ‘विलायतू’ यांच्या तालमीने आणि रियाजाने बोटे तयार होतात, दम वाढतो. एखादा स्वर आर्जवाने घ्यायचा की रुसव्याने, हे मात्र गाणाऱ्या गळ्याकडूनच ऐकावे लागते. खाँसाहेबांची कजरी किंवा भैरवीतली ठुमरी ऐकताना शब्द नसूनही कोणीतरी बोलते आहे असे वाटते. माझ्या मते त्याचे एक मूळ त्या गल्लीत आहे.

पाठाबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. लेखक या बहिणींचा उल्लेख आदराने करतो, पण लवकरच पुढे जातो. शीर्षकात नौबतखाना आहे, इबादत आहे, गल्ली नाही. खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. रसूलनबाईंनाही १९५७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. पण १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत त्यांचे घर जळाले आणि १९७४ मध्ये त्या गेल्या. मिळूनमिसळून राहण्याच्या गोष्टीत मंदिर सहज बसते. तवायफेचे घर आणि त्याची राख बसवणे अवघड जाते. सबा दिवाण यांनी ‘द अदर साँग’ (२००९) या माहितीपटात रसूलनबाईंच्या १९३५ च्या एका ध्वनिमुद्रणाचा शोध घेतला, तो हीच पुसली गेलेली बाजू समोर आणण्यासाठी.

हे फक्त काशीत घडलेले नाही. अमेरिकेतल्या ब्लूजचे पाहा. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांच्या ‘क्रेझी ब्लूज’ने या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकांना बाजार मिळवून दिला, पाठोपाठ मा रेनी आणि बेसी स्मिथ आल्या. रॉबर्ट जॉन्सनचे ध्वनिमुद्रण १९३६–३७ चे. तरी पुढच्या चाहत्यांच्या मनात ब्लूज म्हणजे एकटा पुरुष आणि त्याची गिटार हेच चित्र ठसले. परंपरा कलावंत घडवतात, पण त्यातले काय आठवायचे हे बरेचसे चाहते ठरवतात. म्हणून चाहत्यावरही जबाबदारी येते.

‘इबादत’ हा शब्द खाँसाहेबांना शोभतोच. फक्त ती नगारखान्यात पोहोचल्यावर सुरू झाली असे मानू नये. रस्ता निवडताना ती सुरू झाली होती.

स्वाध्याय: रसूलनबाईंची भैरवीतली एखादी ठुमरी आणि बिस्मिल्ला खाँ यांची भैरवी लागोपाठ ऐका. सनई कुठे गळ्यासारखी वळते, त्या तीन जागा नोंदवा. मग आपल्या गावात न बोलावता, न विकता कानावर पडणारे संगीत कोणते आणि ते कोणाच्या घरातून येते, यावर एक परिच्छेद लिहा.