श्रुतिकेतली आजी नेहमी चुकीचीच का?

आजीच्या रेडिओवर मधुमेहावरची श्रुतिका लागली होती. सासऱ्यांनी चोरून लाडू खाल्ला, सुनेनं पकडलं, डॉक्टरांनी भाषण दिलं, सासऱ्यांनी कान पकडले. संपलं. आजी म्हणाली, "बंद कर गं ते. घरात ऐकते तेवढं पुरे."

माझ्या मते त्या श्रुतिकेचं याहून नेमकं परीक्षण होणार नाही. माहिती सगळी बरोबर होती. पण जिच्यासाठी नाटक लिहिलं, तिला त्यात फक्त ओरडा खायला ठेवलं होतं.

हे वेगळ्या पद्धतीनंही करता येतं. १९४० मध्ये, युद्धाच्या आणि रेशनच्या दिवसांत, बीबीसीवर 'द किचन फ्रंट' सुरू झाला. सकाळच्या बातम्यांनंतर पाच मिनिटं, कमी जिन्नसांत नीट कसं जेवायचं यावर. त्यात मेबल कॉन्स्टँड्युरॉस या अभिनेत्रीची 'ग्रँडमा बगिन्स' यायची. कुरकुरी, हट्टी म्हातारी. श्रोते तिला १९२० च्या दशकापासून ओळखत होते. सरकारी सल्ल्यावर लोकांच्या मनात जी कुरकुर होती, ती आजीबाई माइकवर करायची. एकदा कुरकुर ऐकून घेतली, की मग बटाट्याची पाककृतीही ऐकली जाते.

मेक्सिकोच्या मिगेल साबिदोनं १९७० च्या दशकात मालिकांमधून शिकवण्याचं तंत्र बसवलं. त्यात चांगलं आणि वाईट अशा दोन पात्रांइतकंच महत्त्व तिसऱ्याला असतं: डळमळणाऱ्या पात्राला. ते चुकतं, मागे फिरतं, पुन्हा प्रयत्न करतं. श्रोता त्याच्या जागी स्वतःला ठेवतो. आपल्या श्रुतिकेत हे पात्रच नसतं. सासरे पहिल्या मिनिटाला बेशिस्त आणि दहाव्या मिनिटाला सुधारलेले. मधला सगळा माणूस गायब.

खरं नाट्य तर त्या मधल्या जागेत आहे. वय वाढतं तशी चव मंदावते, म्हणून आमटीत मीठ वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पण जिला आमटी अळणीच लागते, तिनं काय करायचं? कवळी टोचते म्हणून भाकरी सुटते आणि चहा-बिस्किटावर दुपार निघते. एकटीसाठी कुकर कोण लावणार? हा हट्ट नव्हे, अडचण आहे. लिंबू पिळून, कोथिंबीर घालून मीठ कमी करता येतं, हे डॉक्टरपेक्षा शेजारीण छान सांगेल.

आणि ही भाषा आपल्याला नवी नाही. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत घरगुती गप्पांतूनच चालू घडामोडींवर बोलायचे. आजीच्या पिढीचा कान अशा गप्पांवर तयार झालाय. त्या कानाला डॉक्टरचं भाषण ऐकवणं म्हणजे श्रोता फुकट घालवणं.

तुमच्यापैकी कुणी पॉडकास्ट करत असेल, कम्युनिटी रेडिओसाठी लिहीत असेल, तर संहिता रेकॉर्ड करण्याआधी एका आजीला वाचून दाखवा. ती कुठे हसते आणि कुठे "बंद कर" म्हणते, ते लिहून घ्या. आमच्या आजीनं परवा मला विचारलं, "त्या लाडवाच्या नाटकात सासऱ्यांना भूक का लागली होती, ते कुणी विचारलंच नाही, नाही का?"

तो भाग अजून कुणी लिहिलेला नाही.