जिन्यावरचा मुलगा, आरशांतले शहर

कीर्तनकार कसलेला असला म्हणजे पूर्वरंगात तो जे निरूपण मांडतो ते उत्तररंगातल्या आख्यानाच्या वेळी श्रोत्याला मुद्दाम आठवावे लागत नाही. कथाच ते आठवून देते. कच्च्या बुवांचे तसे नसते. त्यांचा पूर्वरंग म्हणजे उशिरा येणाऱ्या मंडळींना सतरंजीवर जागा सापडेपर्यंत काढलेला वेळ. चित्रपटांच्या प्रारंभाचेही असेच दोन प्रकार असतात, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्याकडच्या पुष्कळ चित्रपटांचा प्रारंभ दुसऱ्या प्रकारात मोडतो. नावे संपली, एक गाडी घाटातून आली, बंगल्याच्या फाटकाशी थांबली. प्रेक्षक अजून खुर्ची शोधतोच आहे.

येथे ज्या प्रारंभाविषयी लिहावयाचे आहे तो एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या चित्रपटाचा आहे. आंद्रेई तारकोव्हस्की हे नाव पुढे जगभर गाजले. पण १९६० साली तो २८ वर्षांचा, मॉस्कोच्या सरकारी चित्रपट-विद्यालयात मिखाईल रोम यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडू पाहणारा विद्यार्थी होता. पदविकेसाठी त्याने ४६ मिनिटांचा एक रंगीत चित्रपट केला. त्याच्या नावाचे मराठी करायचे तर ‘रोडरोलर आणि व्हायोलिन’ असे होईल. कथा लिहिण्यात रोम यांचाच दुसरा विद्यार्थी आंद्रेई कोन्चालोव्हस्की त्याच्याबरोबर होता. १९६१ साली न्यूयॉर्कच्या विद्यार्थी-चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला पहिले पारितोषिक मिळाले. कथा म्हणाल तर मुठीत मावेल एवढी. साशा नावाचा सात वर्षांचा मुलगा व्हायोलिन शिकतो. रस्ता करणाऱ्या सर्गेई नावाच्या रोलरवाल्याशी त्याची एका दिवसाची मैत्री होते. संध्याकाळी दोघांनी मिळून सिनेमाला जायचे ठरते आणि ते राहून जाते. बस्स. खलनायक नाही, अपघात नाही, शेवटी कोणी कोणाचा हरवलेला बाप निघत नाही.

चित्रपट उघडतो तो जुन्या घराच्या जिन्यावर. व्हायोलिनची पेटी घेऊन साशा दाराबाहेर येतो. आता एवढ्याशा मुलाने जिना उतरणे यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. पाहण्यासारखे हे, की तो उतरत नाही. तो अंदाज घेतो. खाली टवाळ पोरांचे टोळके आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे म्हणून ते आपल्यालाही कळते. पोरे दिसण्यापूर्वीच त्यांची भीती पडद्यावर येऊन बसते. मग ती पोरे येतात, वाट अडवतात, पेटी हिसकावून घेतात, ‘वादक’ म्हणून चिडवतात. चाळीत वाढलेल्या वाचकाला हा जिना ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. खांद्याला हार्मोनियमची नाही तर तबल्याची पिशवी लावून क्लासला निघालेला एकुलता एक मुलगा, आणि खाली विटीदांडू टाकून त्याच्याकडे वळलेली दहा तोंडे! अखेर सर्गेई मध्ये पडून पोरांना दटावतो आणि साशाची सुटका होते.

या भागाचे छायाचित्रण वादिम युसोव्ह याने केले आहे. तारकोव्हस्कीने आधी सर्गेई उरुसेव्हस्कीला विचारले होते. १९५७ च्या ‘क्रेन्स आर फ्लाइंग’चा तो नामांकित छायालेखक. त्याने नकार दिला, आणि हा नकार माझ्या मते या चित्रपटाच्या पथ्यावर पडला. उरुसेव्हस्कीचा कॅमेरा धावतो, गिरक्या घेतो, पात्रांच्या आधी स्वतःच गहिवरतो. त्या चित्रपटातली नायिका जिना चढत जाते तेव्हा ते फार सुंदर होते. पण साशाच्या जिन्यावर असा कॅमेरा आला असता तर आपण कॅमेऱ्याचे कौतुक करीत बसलो असतो आणि मुलगा बाजूला राहिला असता. युसोव्ह उभा राहून पाहतो. जिन्याच्या ओलसर भिंती, वरून येणारा थोडा उजेड, आणि त्यात तो लहानगा, नीटनेटका, जरासा हट्टी चेहरा.

याच सुमाराच्या एका चित्रपटाशी तुलना करण्याचा मोह येथे आवरत नाही. आल्बेर लामोरीस या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘लाल फुगा’ १९५६ साली आला आणि साऱ्या जगातल्या मुलांनी पाहिला. त्याचाही प्रारंभ पॅरिसच्या एका चढावरच्या वस्तीत, पायऱ्यांवर, शाळेला निघालेल्या एकट्या मुलापाशी होतो. त्यातही टवाळ पोरे आहेत. ती शेवटी फुगा फोडतात. पण लामोरीस पहिल्या काही मिनिटांतच मुलाच्या हाती फुगा देऊन टाकतो. जादू आधी, संकट मागून. तारकोव्हस्कीने क्रम उलटा केला आहे. त्याच्या साशाला आधी भीतीचा जिना उतरावा लागतो, आणि मगच त्याच्या वाट्याला जादू येते. तीही बाहेरून आलेली नाही, कोणी दिव्याच्या खांबाला बांधून ठेवलेली नाही.

ती जादू म्हणजे आरशांचा प्रसंग.

संगीतशाळेच्या वाटेवर एका दुकानाच्या काचेमागे आरसे मांडलेले आहेत. साशा थांबतो. आरशात तो स्वतः दिसतो. एक नव्हे, अनेक. मागचा रस्ता दिसतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. एका बाईची सफरचंदे सांडतात, आणि ती एकाच जागी न सांडता साऱ्या आरशांतून सांडतात. शहर फुटते आणि फुटूनही गोजिरवाणे दिसते. येथे संकलनाची कात्री भराभर चालते: मुलाचा चेहरा, आरसा, पुन्हा चेहरा, पुन्हा दुसरा आरसा. जिन्यावर सावकाश चाललेला चित्रपट एकाएकी उड्या मारू लागतो.

या प्रसंगावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आक्षेप असा, की ही विद्यार्थ्याची मिजास आहे. परीक्षकांना दाखवायचे म्हणून त्याने आरसे मांडले, कथेला त्यांचा काडीचा उपयोग नाही. कापून टाकले तरी साशा शाळेत पोचतोच. शिवाय हे विद्यालय कोणते, तर जेथे लेव्ह कुलेशोव्ह शिकवीत असे ते. नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपाच्या वाटीला जोडला की भुकेला वाटतो आणि शवपेटीला जोडला की दुःखी, हा त्याचा प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तेव्हा चेहरा–आरसा–चेहरा हा धडा तारकोव्हस्कीने वहीतून उतरवला, असे म्हणणाऱ्याला एकदम खोटे पाडता येत नाही.

तरीही मला हा आक्षेप मान्य नाही. निदान अर्धा मान्य नाही. जिन्यावर साशा काय करीत होता ते आठवा. तेथे इतर लोक पाहत होते, आणि साशा पाहिला जात होता. आरशांपाशी तो प्रथमच स्वतः पाहतो. टोळक्याच्या नजरेतला ‘वादक’ तेथे उरत नाही. उरतो तो डोळे विस्फारून उभा राहिलेला मुलगा. हा पालट सांगण्यासाठी तारकोव्हस्कीने एकही शब्द वापरलेला नाही, फक्त लय बदलली आहे. जिन्यावरच्या प्रसंगात काळ जड होता. भीतीत तो तसाच असतो. आरशांपाशी तो हलका होऊन विखुरतो. संकलन म्हणजे नको तो भाग कापून टाकणे, अशी एक ढोबळ समजूत आहे. येथे कळते, की ते काळाचे वजन कमीजास्त करण्याचे काम आहे. ल्युबोव्ह बुतुझोव्हा या बाईंनी हे संकलन केले. दिग्दर्शकाच्या गौरवग्रंथांत अशा नावांना ओळभर जागाही क्वचितच मिळते.

अर्धा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. सफरचंदे सांडली तेथे प्रसंगाचा कळस झाला. त्याच्या आसपास आणखी जे चमचमते, त्यातले काही तुकडे मी खुशाल काढले असते. व्याचेस्लाव ओव्हचिनिकोव्हचे संगीतही ‘पाहा, किती आनंद!’ असे जरा मोठ्याने सांगते. आनंद समोर दिसत असताना त्याची दवंडी कशाला?

येथे थोडे व्यवहाराचे सांगितले पाहिजे, कारण ते सांगितल्यावाचून या कामातली जोखीम ध्यानात येणार नाही. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. ४६ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सुमारे ४,१०० फूट, आणि हे झाले केवळ अखेरीस पडद्यावर दिसणारे. फुकट गेलेले वेगळे. त्यात समोर आरसे. आरशाची खोड अशी, की तो कॅमेऱ्यालाही दाखवतो. कॅमेरा तिरका लावावा तर मुलगा निसटतो, सरळ लावावा तर तिपाईसकट सगळी मंडळी चित्रात येतात. प्रत्येक आरशाचा कोन वेगळा, दिव्याची तिरीप वेगळी. चूक झाली हे फिल्म धुऊन आल्यावर कळायचे. ज्या विद्यार्थ्याला नुसती मिजास करायची आहे तो इतका महाग प्रसंग चित्रपटाच्या आरंभीच पत्करीत नाही. तो एखादा सूर्यास्त घेऊन मोकळा होतो.

योगायोग असा, की हा चित्रपट तयार झाला त्याच १९६० साली पुण्यात ‘प्रभात’च्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उघडली. आज ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट म्हणून सर्वांना ठाऊक आहे. फुटाफुटाचा हिशेब ठेवून चित्रण करण्याची शिस्त तेथल्या कित्येक पिढ्यांनीही अंगी बाणवली. आता फिल्म गेली. खिशातल्या फोनवर दिवसभर चित्रण करा, एक पैसा लागत नाही. याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण आजकालचे विद्यार्थी-लघुपट ओळीने पाहायला बसावे तर दर दुसऱ्याचा प्रारंभ घड्याळाच्या गजराने होतो. मग पांघरुणातून बाहेर आलेला हात, मग मोरीतला नळ, मग दात घासणे, मग चहाचे आधण. नायक जागा होतो हे कळते. तो कोण, हे कळायला अर्धा लघुपट जातो. साशाने सकाळी दात घासले की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

असो. पूर्वरंगाची खरी परीक्षा पुढेच व्हायची असते. आरशांतून निघालेला साशा शाळेत येतो. तेथे एक लहान मुलगी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली आहे. तिच्यासाठी तो एक सफरचंद ठेवून आत जातो. आत बाई आहेत आणि मेट्रोनोम आहे, म्हणजे टिकटिक करीत मात्रा मोजणारे यंत्र. साशा वाजवताना रंगतो, डोलतो, मात्रा चुकतो. बाई त्याला थांबवून पुन्हा यंत्राच्या दावणीला बांधतात. जिन्यावरचा जड काळ आपण पाहिला, आरशांतला हलका काळ पाहिला. आता हा मोजलेला काळ. आरशांचा प्रसंग कापून टाकला असता तर बाई केवळ एक कडक शिक्षिका ठरल्या असत्या, आणि कडक शिक्षिका कोणी पाहिलेली नाही? तो प्रसंग आहे म्हणून त्या टिकटिकीत काय चेपले जात आहे ते आपल्याला दिसते. साशा बाहेर येतो तेव्हा खुर्चीवर सफरचंदाचा नुसता गाभा उरलेला असतो. परीक्षेत नापास, पण सफरचंद पास!

मधल्या भागाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रोलर चालवणे, जुनी इमारत पाडताना पाहणे, पाऊस, कमानीखाली सर्गेईला व्हायोलिन वाजवून दाखवणे, हे सारे रम्य आहे. श्रमिक आणि कलावंत यांच्या मैत्रीचा जो सरकारमान्य धडा त्या काळच्या सोव्हिएत मुलांना द्यावयाचा असे, तोही त्यात व्यवस्थित बसतो. अधूनमधून जरा जास्तच व्यवस्थित.

पुढे तारकोव्हस्कीने आपल्या पुस्तकात असे मत मांडले, की चित्रपटाचा प्राण तुकड्यांच्या जोडणीत नसून प्रत्येक तुकड्यात वाहणाऱ्या काळात असतो. त्याच्या नंतरच्या चित्रपटांत एकेक शॉट मिनिटामिनिटांनी लांबत जातो. सफरचंदे पुन्हा येतात, ती १९६२ च्या ‘इव्हानचे बालपण’मध्ये; आरसा तर १९७५ साली एका अख्ख्या चित्रपटाचे नाव होऊन येतो. परंतु दुकानाच्या काचेपाशी जी कात्री चालली ती त्याने पुन्हा तशी चालवली नाही. मग मला वाटते, की त्याचे नंतरचे मत जिन्यावरच्या त्या सावकाश चाललेल्या मिनिटांतच अंकुरले असावे. आरसे त्याने शाळेकडून घेतले. जिना त्याचा स्वतःचा.

आणि चित्रपट संपतो तो जिन्यावरच. आईने साशाला सिनेमाला जाऊ दिलेले नाही. दार बंद आहे. त्याने चिठ्ठीचे विमान करून खिडकीतून सोडले, ते सर्गेईला दिसलेच नाही. एवढे झाल्यावर कसलीही सूचना न देता, धूर नाही की चित्र विरघळणे नाही, एकदम साशा जिना उतरून धावत सुटतो, बाहेर येतो आणि लाल रोलरच्या दिशेने पळतो. हे त्याच्या मनातले आहे हे पाहणाऱ्याला कळते, पण एक क्षण उशिरा. तोच जिना, तेच कठडे. टोळके नाही, हातात पेटी नाही, आणि या खेपेस तो कसलाही अंदाज घेत नाही.