सर्वसमावेशक समुदाय-नृत्यशाळा : नगर जिल्ह्यातील नृत्यपरंपरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अलीकडच्या काळात शिक्षण, क्रीडा आणि कला या तिन्ही क्षेत्रांत 'सर्वसमावेशक' हा शब्द रूढ झाला आहे. नृत्यशिक्षणात त्याचा अर्थ सामान्यतः असा घेतला जातो की वय, लिंग, जात, आर्थिक स्थिती किंवा शारीरिक क्षमता यांपैकी कोणत्याही कारणाने कोणासही प्रवेश नाकारला जाऊ नये. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. प्रवेश खुला असूनही जे येत नाहीत आणि आले तरी काही दिवसांतच जे गळतात, त्यांच्याविषयी हा अर्थ काहीच सांगत नाही.

मुले आणि प्रौढ एकत्र शिकतील अशा नृत्यशाळेच्या संकल्पनेची चिकित्सा प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगराळ आदिवासी भागापासून आग्नेयेस जामखेडपर्यंत पसरलेल्या चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सामूहिक, व्यावसायिक आणि शास्त्रीय अशा तिन्ही प्रकारच्या नृत्याचा वावर आहे. यातील प्रत्येक परंपरेने कोणाला तरी सामावून घेतले आणि कोणाला तरी बाहेर ठेवले. नव्या नृत्यशाळेची खरी कसोटी त्यामुळे तिच्या प्रवेश-अर्जात नसून, या परंपरांतील कोणाला ती शिक्षकाच्या जागी बसविते यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कायद्याची भूमिका

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आणि भारताने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. त्यास अनुसरून झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. या अधिनियमाचे कलम २९ संस्कृती व मनोरंजन यांविषयी असून त्यात नृत्य आणि कलावर्गांतील सहभाग सुकर करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, दिव्यांग व्यक्तींना सहभागी होता यावे यासाठी कलाविषयक अभ्यासक्रमांची पुनर्रचना करण्याची अपेक्षाही याच कलमात आहे. ही जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणे यांवर आहे. तथापि, त्यामागील विचार प्रत्येक नृत्यशाळेस लागू पडतो. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमास साजेसे व्हावे, हा जुना आग्रह. अभ्यासक्रमाने विद्यार्थ्यास साजेसे व्हावे, ही नवी अपेक्षा. समावेशाचा प्रश्न दाराकडून वर्गाच्या आत येतो तो येथे.

समूहनृत्य : खुले रिंगण आणि त्याच्या मर्यादा

प्रशिक्षणाची अट नसलेले नृत्य जिल्ह्यास नवीन नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून पंढरपुरास जाते. तिच्या दिंड्यांतील पाऊली हा नृत्याचाच प्रकार होय. तेथे टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सत्तर वर्षांचा वारकरी आणि शाळकरी मुलगा एकाच ओळीत पावले टाकतात. ज्याला उडी मारता येत नाही तो जागीच डोलतो आणि त्याने नृत्य बिघडत नाही. लेझमीच्या पथकातही वेगवेगळ्या वकुबाचे लोक सामावतात. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांत सामूहिक नाच हा सणाचा आणि समाजजीवनाचा भाग असून त्यास स्वतंत्र प्रेक्षकवर्गाची गरजच नसते.

मात्र या मोकळेपणास सीमा आहेत. आदिवासी भागातील बोहाड्यात देवीचे सोंगही परंपरेने पुरुषच घेतो. समूहनृत्य समूहातील सर्वांचे असते. समूहाबाहेरच्याचे ते आपोआप होत नाही. तरीही नृत्यशाळेने येथून घेण्यासारखी एक मोलाची गोष्ट आहे: सोपे पाऊल आणि अवघड पाऊल एकाच तालात, एकाच वेळी, शेजारी-शेजारी चालू शकते.

फड आणि संगीतबारी : सामावलेले आणि डागाळलेले

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाई भालेराव यांचे गाव. तमाशाच्या रंगमंचावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तोपर्यंत स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. महार समाजातील पवळा आणि ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी एकत्र फड उभा केला, ही त्या काळातील जातिव्यवस्थेच्या संदर्भात असाधारण घटना होती. पुढील काळात कांताबाई सातारकर यांनी संगमनेर येथे राहून आपला फड चालविला, वगनाट्यांत पुरुष-भूमिकाही गाजविल्या आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळविला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. जामखेड परिसरातील कला केंद्रांत संगीतबारीची परंपरा रुजली. त्यात पार्टीची मालकी बहुधा नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांकडेच असते.

शिक्षणपद्धती म्हणून पाहिल्यास फड आणि बारी यांत आजच्या सर्वसमावेशक नृत्यशाळेस अपेक्षित असलेले बरेच काही आढळते. लहान मुले मोठ्यांच्या शेजारी उभी राहून, पाहून आणि करून शिकतात. वयानुसार वर्ग नसतात. कामानुसार जागा असतात. पाय थकलेली कलावती बैठकीच्या लावणीकडे वळू शकते आणि बसल्या जागेवरून डोळे, भुवया, मान आणि हात यांच्या अदाकारीने तीच रचना नव्याने उभी करू शकते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी बैठकीच्या लावणीस मिळवून दिलेली प्रतिष्ठा सर्वज्ञात आहे. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी किंवा गुडघेदुखीने त्रस्त प्रौढासाठी 'काहीतरी सोपे' शोधून काढण्याची गरज नाही. बसून करावयाच्या नृत्याचे परिपक्व, मान्यताप्राप्त तंत्र मराठी परंपरेतच उपलब्ध आहे, आणि ते उभ्या नृत्याची उणी आवृत्ती नव्हे.

तथापि, या परंपरेचे उदात्तीकरण करणे अन्यायाचे ठरेल. फडातील व बारीतील मूल तेथे असते ते बहुधा आवडीने नव्हे, तर जन्माने आणि पोटासाठी. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने नाचणाऱ्या आईच्या मुलाच्या वाट्यास आलेले जिणे मराठी वाचकासमोर ठेवले. सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' (२००८) हा माहितीपट आणि भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक यांतून कलावतींचे कौशल्य आणि त्यांच्यावरील सामाजिक कलंक ही दोन्ही अंगे एकाच वेळी दिसतात. समाजाने नृत्य पाहिले, नर्तकी मात्र स्वीकारली नाही.

शास्त्रीय वर्ग आणि स्नेहसंमेलन

कथक व भरतनाट्यम् यांच्या वर्गांनी नृत्यास मध्यमवर्गीय घरात प्रतिष्ठा मिळवून दिली. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात स्थापन केलेली 'नृत्यभारती' हा या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षांमुळे तालुक्याच्या ठिकाणीही अभ्यासक्रमाची शिस्त पोहोचली. पुढे शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय नृत्य व लोककलांसाठी वाढीव गुणांची सवलत दिल्याने पालकांचा ओढाही वाढला.

परंतु परीक्षा हे या वर्गाचे बळ, तसेच त्याची चाळणीही आहे. मुली येतात, मुलगे क्वचित येतात. दहावीनंतर मुलीही थांबतात. प्रौढ स्त्रीने चाळिशीत घुंगरू बांधावे याचे कौतुक होते, पण तिच्यासाठी वर्गाची वेळ सहसा नसते. याच्या दुसऱ्या टोकास शाळा-महाविद्यालयांतील स्नेहसंमेलने आणि युवक महोत्सव आहेत. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थिनी लावणी सादर करून टाळ्या व पारितोषिके मिळविते. हीच लावणी उपजीविका म्हणून करणारी स्त्री त्याच सभागृहात मार्गदर्शक किंवा परीक्षक म्हणून किती वेळा निमंत्रित होते, हा प्रश्न महाविद्यालयांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

दोन अनुकरणीय प्रयत्न

समुदायासाठी नृत्य या विचारास महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. नगरचे रावसाहेब पटवर्धन ज्या राष्ट्र सेवा दलाशी निगडित होते, त्या दलाच्या कलापथकाने वसंत बापट यांच्या 'महाराष्ट्र दर्शन'सारख्या कार्यक्रमांतून वेगवेगळ्या जातींच्या तरुण-तरुणींना एकत्र रंगमंचावर आणले. सुधा वर्दे यांच्यासारख्या सुशिक्षित घरातील कलावंत लोकनृत्य करू लागल्या, त्यामुळे 'चांगल्या घरची मुलगी नाचत नाही' या समजास तडा गेला. मात्र येथे नृत्य हे प्रामुख्याने विचारप्रसाराचे साधन होते; परंपरागत कलावतीचे पुनर्स्थापन हा त्याचा हेतू नव्हता.

दुसरा प्रयत्न पुण्यातील आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन झालेल्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. त्या धर्तीवर नृत्यकार हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पुण्यात असा वर्ग उभा केला. कंप, ताठरपणा आणि तोल जाण्याची भीती असलेल्या व्यक्ती तेथे रुग्ण म्हणून नव्हे, तर नृत्याचे विद्यार्थी म्हणून येतात. खुर्चीवर बसून आरंभ करणे आणि मग आधाराने उभे राहणे असा क्रम या प्रकारच्या वर्गांत असतो. उपचार आणि कला यांतील हा फरक मूलभूत आहे: उपचारात उणीव मोजली जाते, कलेत अभिव्यक्ती.

नृत्यशाळा चालविताना

वरील विवेचनाच्या आधारे नगर जिल्ह्यातील नृत्यशाळेसाठी काही व्यावहारिक बाबी निश्चित करता येतात.

पहिली बाब वेळापत्रकाची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. जून ते मार्च असे शालेय वर्षाचे गणित धरणारा वर्ग या मुलांना प्रवेश देऊनही वगळतो. चार महिन्यांचे स्वयंपूर्ण सत्र आणि परतल्यावर कमीपणा न वाटता पुन्हा सामील होण्याची सोय, हा यावरील साधा उपाय आहे.

दुसरी बाब जागेची. तळमजल्यावरील खोली, उतरती वाट, न घसरणारी फरशी आणि जवळच स्वच्छतागृह यांवाचून 'दिव्यांगांसाठी खुले' हे शब्द पोकळ ठरतात. शक्य तेथे लाकडी तक्तपोशी असावी. तिच्यावरील पदन्यासाचे आणि ढोलकीचे कंप श्रवणदिव्यांग विद्यार्थ्यास पायांतून जाणवतात. स्वतंत्र इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. अनेक महाविद्यालयांची सभागृहे सायंकाळी रिकामी असतात.

तिसरी बाब मिश्र वर्गाची. मुले व प्रौढ एकत्र असताना बालसुरक्षेचे नियम स्पष्ट हवेत: वर्गात किमान दोन जबाबदार व्यक्ती, स्पर्शाने दुरुस्ती करण्यापूर्वी परवानगी आणि चित्रीकरणावर नियंत्रण. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा प्रत्येक शिक्षकास माहीत असला पाहिजे.

चौथी आणि सर्वांत कळीची बाब शिक्षकाची व त्याच्या मानधनाची. शुल्क ऐपतीनुसार ठेवावे, हे योग्यच. पण पैसा अपुरा पडला की प्रथम कात्री लागते ती लोककलावंताच्या मानधनास, कारण त्याच्याकडे पदवी नसते. पदवीधर शिक्षिकेस मासिक वेतन आणि निवृत्त कलावतीस वर्षातून एकदा शाल-श्रीफळ, ही व्यवस्था समावेशक नसून केवळ सौजन्यपूर्ण आहे.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला दर्जाविषयी: सर्वांना घेतले की नृत्याचा कस उतरतो. हा आक्षेप दर्जा म्हणजे एकसारखेपणा असे गृहीत धरतो. बैठकीच्या लावणीतील नजरेचा नेमकेपणा किंवा पाऊलीतील तालाची अचूकता यांसाठीही कठोर निकष लावता येतात. फक्त ते प्रत्येक रूपाचे स्वतःचे असावे लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बारीतील कलावती शिकविणार असे कळताच पालक मुलांना काढून घेतील. शिवाय लावणीतील शृंगार बालकांस अनुचित आहे. यातील आशयाचा मुद्दा सुटण्यासारखा आहे. तमाशात लावणीबरोबर गण व गवळण आहेत. ढोलकीची बोलभाषा, पदन्यास आणि अदाकारीचे मूलतत्त्व बालकांस शृंगाराविना शिकविता येते. कथक-भरतनाट्यम् यांतही शृंगार आहे आणि तेथे शिक्षक वयानुसार निवड करतातच. उरतो तो पालकांचा संकोच. तो टाळण्यासाठी शिक्षिकेची पार्श्वभूमी लपविणे हा मार्ग सोयीचा असला, तरी ज्या कलंकामुळे ती आजवर बाहेर राहिली त्यालाच त्यातून मान्यता मिळते. अशा वेळी काही विद्यार्थी गमावण्याची तयारी संस्थेने ठेवली पाहिजे. समावेशाची किंमत कोणीतरी मोजतेच. ती दरवेळी कलावतीनेच का मोजावी, हा येथील नैतिक प्रश्न आहे.

समारोप

समूहनृत्याने वयाचे भान ठेवून सर्वांना रिंगणात घेतले, पण समूहाची सीमा ओलांडली नाही. फडाने आणि बारीने गावकुसाबाहेरच्यांना रंगमंच दिला, पण त्याची किंमत म्हणून प्रतिष्ठा हिरावली गेली. शास्त्रीय वर्गाने प्रतिष्ठा दिली, पण विशिष्ट वयाच्या, विशिष्ट देहाच्या आणि विशिष्ट ऐपतीच्या विद्यार्थ्यांपुरती. सर्वसमावेशक नृत्यशाळा या तिन्हींच्या उणिवा ओळखून उभी राहिली, तरच तिच्या नावास अर्थ येईल.

अशा शाळेचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांची संख्या, पारितोषिके किंवा वार्षिक कार्यक्रमाची गर्दी हे निकष पुरेसे नाहीत. उसाच्या फडातून परतलेली मुलगी पुन्हा वर्गात आली का, खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या नृत्यासाठी रचना बदलली का आणि जामखेडच्या बारीत आयुष्य घालविलेली स्त्री त्या वर्गात 'बाई' म्हणून, म्हणजे शिक्षिका म्हणून संबोधिली जाते का, हे तीन प्रश्न विचारले जावेत. यातील तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले, तर पवळाबाईंच्या जिल्ह्याने आपल्या कलावतींचे ऋण फेडण्यास आरंभ केला, असे म्हणता येईल.