दीड हजार डिग्री, पण कशावरून? झिर्कोनियावरचा एक पेपर वाचताना

मागच्या महिन्यात मालेगाव कॅम्पातल्या एका छोट्या डेंटल लॅबमध्ये बसलो होतो. भट्टीत झिर्कोनियाचे क्राउन सिंटरिंगला लावले होते. तंत्रज्ञाला विचारलं, "किती डिग्री?" "पंधराशे तीस." "का?" "कंपनीच्या कागदावर तसंच आहे, सर."

त्याच्या जागी हे उत्तर ठीक आहे. पण तुम्ही सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलंत तर व्हायव्हाला अडकाल. म्हणून आज या विषयावरचा एक पेपर नीट वाचू: स्टाव्हारचिक आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा, 'क्लिनिकल ओरल इन्व्हेस्टिगेशन्स'मधला.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिलिंग करताना झिर्कोनिया खडूसारखा मऊ असतो. भट्टीत तो सुमारे २० ते २५ टक्के आकसतो, छिद्रं बुजतात आणि कण वाढतात. ३ मोल टक्के यिट्रियामुळे तो खोलीच्या तापमानालाही टेट्रागोनल रूपात टिकतो. तडा जायला लागला की तिथले कण मोनोक्लिनिक होतात, ३ ते ५ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. कण फार बारीक असले तर हे घडतच नाही, आणि फार मोठे झाले तर तडा नसतानाही आपोआप घडतं. तापमानाचा सगळा प्रश्न इथे आहे.

पेपरची जमेची बाजू म्हणजे आखणी. १३०० ते १७०० डिग्री, ५० च्या टप्प्याने नऊ गट. तापमान वाढलं तसे कण वाढले, पारभासकता वाढली, पण ताकद १४०० ते १५५० च्या दरम्यानच सर्वांत जास्त राहिली. दोन टोकांची तापमानं घेऊन रेघ ओढली असती तर हा मधला पट्टा दिसलाच नसता. तुमच्या प्रयोगात 'कमी' आणि 'जास्त' असे दोनच गट असतील तर इथे थांबून विचार करा.

आता माझे आक्षेप.

पहिला: साहित्य एकाच कंपनीचं. आज बाजारात असलेल्या ५ मोल टक्के यिट्रियाच्या झिर्कोनियात क्युबिक भाग बराच असतो आणि तडा दाबण्याची ती यंत्रणा जवळपास नसते. तिथे हा १५५० चा आकडा तसाच उचलता येत नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे. मोजलं ते ताकद, कणांचा आकार आणि पारभासकता. तोंडातल्या ओलाव्यात वर्षानुवर्षं काय होईल, ते मोजलंच नाही. जास्त तापमानात यिट्रियम काही कणांत गोळा होतं, शेजारचे कण त्याला मुकतात, आणि पाण्यात तेच आधी बदलतात. ताजी पट्टी मजबूत निघाली म्हणून दहा वर्षांनी दात मजबूत असेलच, असं नाही. २००१ साली 'प्रोझिर' या झिर्कोनियाच्या कृत्रिम खुब्याचे सुमारे ४०० गोळे थोड्याच काळात रुग्णांच्या शरीरात फुटले. रसायन तेच होतं. भट्टीची पद्धत बदलली होती.

तिसरी गोष्ट पेपरपेक्षा आपल्याला लागू आहे. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे आतलं तापमान नव्हे. हीटिंग एलिमेंट जुने झाले, थर्मोकपल सरकलं की फरक पडतो. त्या लॅबमध्ये मी असतानाच लाइट गेली. सायकल पुन्हा सुरू केली आणि पडद्यावर परत १५३० आलं. त्या क्राउनला एकूण किती उष्णता मिळाली, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि तो कुणाच्या तरी तोंडात बसणार होता.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा. तापमानासोबत तापवण्याचा वेग आणि धरून ठेवण्याचा वेळ लिहा. प्रत्येक बॅचमध्ये तापमान तपासणारी सिरॅमिक रिंग ठेवा. ती किती आकसली ते मोजलं की खरी उष्णता कळते. आणि अर्धे नमुने ऑटोक्लेव्हमध्ये वाफेखाली ठेवून मगच मोडा.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतोच ना? पेपरमधल्या आकड्यालाही तशी एक टिचकी मारा.