पक्षी रंगवला, चिखल राहिला

आपल्या चित्रकारांनी पाणपक्ष्यांवर जीव ओवाळून टाकला, तळ्याकडे मात्र बहुतेक वेळा काणाडोळा केला. जहांगीराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर याचा सर्वांत देखणा दाखला. त्याचा सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. चेहऱ्यावरची उघडी तांबडी कातडी, पायांवरच्या सुरकुत्या, पांढऱ्यावर पांढरं रंगवलेलं पिसांचं अंग. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब उगीच दिला नव्हता. पण नजर पक्ष्यावरून ढळू नये म्हणून भोवताल जवळजवळ मोकळाच सोडला आहे. प्रत्यक्षात हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहून चिखलातले कंद उकरून खातो. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात त्याची शेवटची जोडी 2001-02च्या हिवाळ्यात दिसली. त्याच्या ऱ्हासामागे स्थलांतराच्या वाटेवरची शिकार होतीच. पण पुढे भरतपूरलाही गंभीर नदीवरच्या पांचना धरणामुळे पाण्यासाठी झगडावं लागलं. त्या झगड्याचं चित्र मन्सूरकडून मागणं अन्याय होईल. त्याच्या वारसदारांकडून मागायला हरकत नाही.

हे वारसदार म्हणजे पाटण्याहून कलकत्त्याला आलेले शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. 1777 ते 1782 या काळात त्यांनी तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी इम्पी यांच्यासाठी तीनशेहून अधिक चित्रं केली. इथे कोरा कागद हीच शिस्त झाली: पक्षी नमुना म्हणून उभा, मागे काहीही नाही. भवानी दासने रंगवलेलं गुलाबी डोक्याचं बदक आज पाहताना अंगावर काटा येतो. उंच गवतातल्या दलदलीत राहणाऱ्या या बदकाची खात्रीची नोंद गेल्या शतकाच्या मध्यानंतर झालेली नाही. आपल्याकडे त्याचा रंग उरला, त्याचं घर कुणी रंगवलंच नाही.

पाणथळ दिसते ती जुन्या भिंतींवर आणि खेड्यांत. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातल्या हंसजातकात कमळांचं तळं आहे, तिथे येणारे हंस आहेत आणि त्यांना पकडणारा पारधीही आहे. म्हणजे तळ्यातलं सौंदर्य आणि तिथला धोका एकाच भिंतीवर. मिथिलेच्या कोहबरात, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतल्या भित्तिचित्रात, कमळ, मासे, कासव एकमेकांत गुंतलेले असतात. ती सुफलतेची प्रतीकं आहेत, जीवशास्त्र नव्हे, हे मान्य. पण एकाला दुसऱ्यापासून तोडायचं नाही ही समज त्यात आहे. ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती 1966-67च्या दुष्काळात. उत्पन्नाचं साधन म्हणून बायकांनी कागदावर चित्रं काढावीत यासाठी मुंबईहून भास्कर कुलकर्णी तिथे गेले होते. माशांनी भरलेली तळी कागदावर उतरली ती पाणी आटलेल्या वर्षांत! याच कुलकर्णींनी पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनाही कागद आणि रंग दिले. म्हशेंचं मासेमारीचं जाळं पाहावं: बारीक पांढऱ्या रेषांनी कागद भरून टाकणारं ते जाळं म्हणजे हात, मासा आणि पाणी यांचा एकच हिशेब आहे. मला तरी हे चित्र आजच्या बहुतेक वन्यजीवचित्रांहून अधिक खरं वाटतं.

कारण आजचं वन्यजीवचित्र मोठ्या लेन्सच्या मागे धावतंय. खंड्याच्या चोचीवरचा थेंब लखलखीत, मागचं पाणी मात्र हिरव्या धुक्यात विरघळलेलं. हात तयार आहे, निरीक्षणही आहे. निवड भित्री आहे. हळदी-कुंकू बदक रंगवणारे पुष्कळ, ते ज्यात चोच खुपसतं तो गाळ रंगवणारे विरळा. जलपर्णीचं तर विचारूच नका. तिची जांभळी फुलं कॅनव्हासवर छान दिसतात, म्हणून तळं गिळणारी ही वनस्पती चित्रात शोभेची होऊन बसते.

आणि गाळ हा काही नीरस विषय नाही. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवा संगमावर बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटं आणि उथळ पाणी तयार झालं. त्यावर पक्षी आले आणि 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं. पाणी हातभर चढलं-उतरलं तरी तिथे कोण चरणार हे बदलतं: उथळ पाण्यात शेकाट्या, खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं. एकाच काठाची आषाढापासून वैशाखापर्यंतची चित्रमालिका कुणी केली, तर तिच्यात एकही पक्षी जवळून दाखवायची गरज पडणार नाही.