चांदीच्या पाठीवरचा मजकूर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोच्या चांदीकारांनी एक अफलातून प्रकार रुळवला. पावाची टोपली किंवा तबक घडवायचं आणि त्यावर रुमाल अंथरायचा, तोही चांदीचाच. रुमालाची एक कड काठावरून खाली ओघळलेली, मधे दोन-चार चुण्या, टोकाला झालर. कापडाची वीण कोरणीने इतकी बारीक उमटवलेली, की हाताला गारवा लागेपर्यंत धातूची खात्री पटू नये. पाहुण्यापुढे पाव आणि मीठ ठेवून त्याचं स्वागत करायची रशियात जुनी रीत आहे, आणि तो पाव नक्षीदार कापडावर ठेवूनच पुढे करतात. त्यामुळे या रुमालात कारागिराची करामत आहे तशी घरातली मायाही आहे. चुणीच्या खोलगट भागात चांदी मंद ठेवलेली असते आणि उंचवट्यावर उजळलेली. सारा भास त्या दोन छटांनी पेलला आहे.

पण असं तबक पुढूनच पाहून ठेवून दिलं तर त्याचा अर्धाच आस्वाद घेतला असं मी म्हणेन. ते उलटं करावं, भिंग घ्यावं आणि पाठीवरचे तांदळाएवढे ठसे वाचावेत. पुढची बाजू आपल्याला आनंदाने फसवते, चांदीला कापड म्हणायला लावते. मागची बाजू मात्र शपथेवर बोलते: हे कुणी केलं, कुठे, केव्हा, आणि यात चांदी किती.

१८७०च्या दशकातलं, पावेल ओवचिन्निकोव्हच्या कारखान्यातलं काम घेऊ. पहिला ठसा नावाचा. रशियन लिपीत आडनाव, आणि त्याच्या जोडीला दोन डोक्यांचा गरुड. हा गरुड राजदरबाराचा पुरवठादार म्हणून मिळालेला मान. ओवचिन्निकोव्ह जन्माने भूदास होता, जमीनदाराच्या मालकीचा माणूस. १८५३ साली त्याने मॉस्कोत स्वतःचा कारखाना काढला. रशियातली भूदासपद्धत संपली ती १८६१ साली. हे ठाऊक असलं, की ते नाव आणि तो गरुड एकत्र पाहताना अंगावर काटा येतो. आडनावाच्या शेवटी एक निःशब्द अक्षर आहे, ज्याचा उच्चारच होत नाही. १९१८च्या लिपीसुधारणेत शब्दाच्या शेवटी ते लिहिणं बंद झालं. जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूवर पूर्ण आडनाव असूनही ते अक्षर नसेल, तर पारख्याने थबकावं.

दुसरा ठसा शहराचा. घोड्यावर बसून भाल्याने ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज म्हणजे मॉस्को. सेंट पीटर्सबर्गची खूण वेगळी: एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन नांगर आणि त्यांच्यामधून गेलेला राजदंड. बंदराचं शहर आणि सम्राटाचं शहर, दोन्ही गोष्टी नखाहून लहान जागेत मावल्या आहेत.

तिसरा ठसा ८४ या आकड्याचा. रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक होतात, म्हणून शुद्ध चांदी ९६ची. ८४ म्हणजे ९६ भागांत ८४ भाग चांदी, उरलेले १२ भाग बहुधा तांबं. हजाराच्या हिशेबात ८७५. याहून वरचे ८८ आणि ९१ हे कसही भेटतात, पण रोजच्या चांदीकामाचा कस ८४च.

चौथा ठसा माझ्या सर्वांत जवळचा. त्यात दोन अक्षरं आणि खाली वर्ष. अक्षरं रोमन ‘बी’ आणि ‘सी’सारखी दिसतात, पण रशियन लिपीत ती ‘व’ आणि ‘स’ आहेत. १८५५ ते १८८८ या काळात मॉस्कोत चांदीचा कस तपासणारा अधिकारी व्हिक्टर साविन्कोव्ह, त्याची ही आद्याक्षरं. पीटर द ग्रेटने १७०० साली सोन्याचांदीवर सरकारी तपासणी आणि ठसे सुरू केले, त्या परंपरेतला हा माणूस. त्याने एकही चुणी घडवली नाही, एकही धागा कोरला नाही. तरी दुसऱ्याच्या देखण्या कामाखाली त्याने आपलं नाव आणि साल घातलं. या चांदीत खोट निघाली तर मी जबाबदार, एवढंच तो सांगतो. सौंदर्य आणि जबाबदारी शेजारीशेजारी सही करतात, हे या ठशांच्या ओळीचं मोठेपण आहे.

पुढचा इतिहास या सहीच्या विरत जाण्याचा आहे. १८९९पासून शहरांच्या जुन्या खुणा गेल्या आणि साऱ्या साम्राज्याला एकच ठसा आला: कोकोश्निक हा पारंपरिक शिरोभूषणाचा साज घातलेली स्त्री, डावीकडे तोंड केलेली. शिल्प म्हणून हा ठसा फार सुरेख आहे. पण वर्ष गेलं. उरली ती कस तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुखाची आद्याक्षरं: मॉस्कोत इव्हान लेबेद्किनची, सेंट पीटर्सबर्गला आधी याकोव्ह ल्यापुनोव्हची. १९०८मध्ये त्या स्त्रीने तोंड उजवीकडे फिरवलं आणि माणसाची अक्षरंही गेली. त्यांच्या जागी ग्रीक वर्णमाला आली: सेंट पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. १९२७मध्ये स्त्रीच्या जागी हातोडा घेतलेला कामगार आला आणि ८४च्या जागी ८७५. राजवट बदलली, मापं बदलली. कस तोच राहिला.

हा क्रम पाठ असेल तर बनावट वस्तू स्वतःच कबुली देते. फाबर्जे या नामांकित जवाहिरी कंपनीच्या मॉस्को शाखेतल्या चांदीवर कंपनीचं नाव आणि गरुड असतो, तर सेंट पीटर्सबर्गच्या कामावर उस्ताद कारागिराची आद्याक्षरं फार महत्त्वाची. त्यांतला मिखाइल पेर्खिन १९०३ साली वारला. आता त्याची अक्षरं आणि उजवीकडे पाहणारी कोकोश्निक एकाच वस्तूवर दिसली, तर मेलेल्या माणसाने पाच वर्षांनी ठसा मारला असं मानावं लागेल. खोटं करणारा प्रत्येक ठसा हुबेहूब उतरवू शकतो, पण ठशांचं आपसातलं नातं त्याला जुळवता येत नाही.

त्याच्या जोडीला धातूची साक्ष असते. पोलादी ठशाचा घाव बसला की चांदी दबून बाजूला सरते आणि अक्षरांच्या कडा करकरीत उठतात. साच्यातून ओतून उतरवलेला ठसा बोथट आणि रवाळ दिसतो. झाकण, कडी, बैठक असे सुटे भागही तपासावेत. खऱ्या वस्तूत त्यांच्यावर लहान ठसे सहसा असतात आणि ते एकमेकांशी जुळतात. नावं लावायला पोस्तनिकोवा-लोसेवा, प्लातोनोवा आणि उल्यानोवा यांचा १९८३चा संदर्भग्रंथ आजही पारख्यांच्या हाताशी असतो. शेकडो अनाम वाटणारी अक्षरं त्यात माणसांना परत मिळाली आहेत.

बाजारात भाव फाबर्जेच्या नावाला. मला मात्र ज्या तबकावर ओवचिन्निकोव्ह आणि साविन्कोव्ह दोघेही आहेत, ते अधिक संपन्न वाटतं. एकाने चांदीला कापड व्हायला शिकवलं, दुसऱ्याने ती चांदीच आहे याची हमी दिली. ती हमी वाचल्यावर त्या रुमालाची जादू कमी होत नाही, वाढते. कारण इतका मऊ दिसणारा पदर खरोखर ८४ कसाच्या धातूचा आहे, हे आता आपण डोळ्यांच्या भरवशावर नव्हे, एका माणसाच्या शब्दावर मानत असतो.